दोन गाड्यांमधलं गाणं

आमच्या जुन्या कंपूतले कुणी दोघं भेटले की पहिल्या चहाला तब्येती आणि मुलांच्या नोकऱ्या होतात, आणि दुसरा कप आला की 'कुंदा कॅसेट्स'चे किस्से निघतात. हे किस्से कुणी जपून ठेवलेले नाहीत. माळ्यावर टाकलेल्या सामानासारखे ते साठत गेले आणि आता एक ओढायला गेलं की चार अंगावर येतात. सांगणारा कुणीही असो, किश्शातला घाबरट माणूस मात्र मीच असतो. म्हणून म्हटलं, एकदा माझ्याच तोंडून होऊन जाऊ द्या. खरं सांगायचं तर तिथं आम्ही चौघं होतो आणि चौघंही भित्रे होतो. प्रत्येकाची भीती तेवढी वेगळी होती.

मालक म्हणजे दाजी. घराणं परभणीकडचं, शेतकऱ्याचं; वडिलांच्या वेळेपासून हैदराबादेत. बेगम बाजारात स्टीलच्या भांड्यांचं दुकान. गल्लोगल्ली कॅसेटी वाजायला लागल्या तेव्हा दाजींच्या मनात आलं की इथल्या मराठी माणसांची गाणीही कुणीतरी काढायला पाहिजेत. काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर एक खोली घेतली, स्पूलचं एक जुनं मशीन आणलं आणि कंपनीला बायकोचं नाव दिलं. कुंदावहिनी "माझं नाव बाजारात मांडू नका" म्हणून आठवडाभर बोलल्या नाहीत. पहिली कॅसेट छापून आल्यावर त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "अक्षर थोडं मोठं चाललं असतं."

गायच्या सुमतीबाई. विद्यानगरला एकट्या राहायच्या, शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. गाणी स्वतः लिहायच्या, चालीही त्यांच्याच. तबल्यावर गौसभाई. आणि मशीनवर मी, श्रीधर. रेडिओ दुरुस्तीचं शिकलेलो, म्हणून दाजींनी उचललेला.

* * *

खोली स्टेशनमागे घेतली खरी, पण स्टेशनवर गाड्या येतात हे दाजींच्या ध्यानात पहिल्या रेकॉर्डिंगच्या दिवशी आलं.

बाईंनी सूर लावला, गौसभाईंनी ठेका धरला, आणि खिडकीची तावदानं थरथरायला लागली. आम्ही खिडक्यांना गाद्या लावल्या, गाद्यांवर रजया लावल्या. आत आमचा घाम निघाला आणि गाडीचा आवाज तेवढाच राहिला.

शेवटी दाजींनी रेल्वेचं वेळापत्रक आणून भिंतीवर चिकटवलं, जिथं लोक देवाची तसबीर लावतात त्या जागी. वेळेवर येणाऱ्या गाड्यांना निळी खूण, बेभरवशाच्या गाड्यांना लाल. थोड्याच दिवसांत कागद लालेलाल झाला. आमचं गाणं दोन गाड्यांच्या मधे व्हायचं. त्यातूनही एखादी अवचित आलीच तर मी मशीनचं पॉझचं बटन दाबायचो आणि बाई हात वर करायच्या. शब्द अर्धा असेल तर अर्धाच सोडायच्या. गौसभाईंचे हात तबल्यावर तरंगत राहायचे. गाडी जायची, तावदानं शांत व्हायची, बाई आणखी दोन श्वास थांबायच्या. मग हात खाली घेऊन माझ्याकडे बघत म्हणायच्या, "हं, घे."

मी बटन सोडायचो आणि बाई त्या शब्दाचा उरलेला अर्धा भाग त्याच सुरात उचलायच्या. जोड कुठं आहे ते मलाही ऐकू यायचं नाही.

एकदा पुण्याचे एक नावाजलेले गायक खोली बघायला आले. चौफेर नजर टाकून त्यांनी विचारलं, "साउंडप्रूफिंगचं काय केलंय तुम्ही?"

दाजींनी अभिमानानं भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं.

* * *

दाजींची भीती लोहचुंबकाची. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की चुंबक जवळ आलं की टेपवरचं सगळं पुसलं जातं. हे खोटं नाही, पण दाजींनी ते फारच मनावर घेतलं. ज्याच्या अंगावर लोखंड, त्याच्या अंगात चुंबक, असं त्यांचं शास्त्र. आत येणाऱ्यानं किल्ल्या, घड्याळ, कंबरेचा पट्टा, सगळं बाहेरच्या स्टुलावर काढून ठेवायचं. कुंदावहिनी डबा घेऊन आल्या तरी केसातल्या पिना काढून यायच्या.

एके दिवशी चौकीतून एक जमादार आला. गल्लीत कुणीतरी तक्रार केली होती की वर रोज तबला वाजतो आणि मधेच बंद पडतो, आत काहीतरी भानगड आहे. जमादार चांगला सहा फुटी. मी मशीनच्या आडोशाला गेलो. दाजीही पांढरेफटक पडले, पण चुंबकाची भीती पोलिसाच्या भीतीपेक्षा मोठी निघाली. ते दारातच आडवे आले आणि हात जोडून म्हणाले, "साब, अंदर आइए, लेकिन पट्टा बाहर निकाल के."

मी मनातल्या मनात जामीन कोण देईल याची यादी करायला लागलो.

जमादारानं दाजींकडे बराच वेळ बघितलं. मग सावकाश बक्कल सोडत म्हणाला, "तीस साल से हम लोगां के पट्टे उतरवारे मियाँ. हमारा पट्टा पैली बार कोई उतरवारा."

आत येऊन त्यानं दोन गाणी ऐकली. जाताना मात्र पट्टा विसरला आणि तो परत नेऊन द्यायचं काम माझ्यावर आलं. चौकीत पोलिसाचा पट्टा हातात घेऊन शिरणं म्हणजे काय असतं ते मला विचारा.

* * *

या खोलीतली सवय आमच्या घरी कधी आली ते आम्हाला कळलंच नाही.

माझं घर रुळापासून फार लांब नव्हतं. बायको काहीतरी महत्त्वाचं सांगत असायची, गाडीचा आवाज यायचा आणि माझा हात आपोआप वर जायचा. पहिल्यांदा ती गप्प झाली. दुसऱ्यांदा बघत राहिली. तिसऱ्यांदा गाडी गेल्यावर म्हणाली, "आता कुठून घेऊ? पहिल्यापासून की भाजी आणली नाही तिथून?"

पण कमाल केली ती गौसभाईंनी. त्यांची भीती एकच, गाडीच्या आवाजात एखादा बोल बुडेल. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. मंडप रुळाच्या कडेलाच. काझीसाहेबांनी नवऱ्या मुलाला विचारलं, "कबूल है?" मुलानं तोंड उघडलं, आणि नेमकी त्याच क्षणी गाडी आली.

मुलीचा बाप, म्हणजे आमचे गौसभाई, यांनी ताडकन हात वर केला. "ठैरो!"

काझी थांबले. नवरा मुलगा तोंड उघडं ठेवून थांबला. त्याच्या बापाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. कुणी काही कमी दिलं का, कुणी काही कानावर घातलं का, पन्नास माणसांच्या मनात पन्नास शंका. गौसभाई डोळे मिटून, हात वर धरून उभे. आणि त्यांच्या बाजूला मी आणि दाजी, आमचेही हात वर! मुलाची आई तिकडं रडायलाच लागली होती.

गाडी गेली. गौसभाईंनी हात खाली घेतला आणि मुलाला प्रेमानं म्हणाले, "हौ बेटा, अब बोलो. साफ आना चैये."

* * *

आता बाईंची भीती. बाई गाडीला भ्यायच्या नाहीत, माणसांना भ्यायच्या नाहीत, पण स्वतःच्या आवाजाला भ्यायच्या. टेप लावली की उठून जिन्यात जाऊन बसायच्या. आठ वर्षांत त्यांनी स्वतःची एक कॅसेट ऐकली नव्हती. "गाताना मला वाटतं की मी बरी गाते," म्हणायच्या. "ते मोडायचं नाही मला."

त्याच सुमारास दाजींचा भाचा मंदार पुण्याहून आला. तो कंप्युटरमधला. बाजार खुला झाला होता, घरोघरी केबल आली होती, परदेशी टेपरेकॉर्डर आता तस्करीच्या दुकानात न जाताही मिळत होते, आणि मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत कॅसेटींपुढे आमच्या कॅसेटी लग्नात चुकून आलेल्या पाहुण्यासारख्या दिसत होत्या. त्यातच छोटी लाईन मोठी करायचं काम चाललेलं, त्यामुळं भिंतीवरचं वेळापत्रक सारखं बदलायचं. दाजींना रात्री झोप लागत नव्हती. मंदार म्हणाला, "दाजीमामा, लोकांना आता लाइव्ह पाहिजे. हॉल घ्या, लोक बोलवा, गाणं तिथंच रेकॉर्ड करा."

"लाइव्ह म्हणजे गाडी आली तरी?"

"गाडी आली तरी."

"थांबायचं नाही?"

"थांबून कसं चालेल? लोक बसलेत ना समोर."

दाजी तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, "नक्को."

तो विषय तिथंच संपला असता. पण त्याच आठवड्यात बाई आल्या. रोजच्यासारख्या पिशवी खुंटीला लावून बसल्या, पिशवीतून एक कागद काढून दाजींना दिला. गळ्यात गाठ होती. ऑपरेशन करावं लागणार होतं. आवाजाची नस गाठीला चिकटूनच जाते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बोलता येईल बहुतेक, गाण्याचं सांगता येत नाही.

हे सगळं त्यांनी हजेरी घेतल्याच्या स्वरात सांगितलं. मग भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत म्हणाल्या, "आठ वर्षं मी फटीफटीतून गातेय. मला एकदा सलग गायचंय, दाजी. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता. माणसांसमोर."

गौसभाई तबल्याची गवसणी उगाचच सोडत आणि बांधत होते. मला भीती वाटली. चुंबकाची, पोलिसाची वाटते तशी नव्हे. ही निराळीच होती.

दाजी म्हणाले, "घेऊ, बाई. लाइव्ह घेऊ."

* * *

मंदारनं हँडबिलं छापली. वर मोठ्या अक्षरात, 'लाइव्ह म्युझिक नाइट'. दाजींनी हँडबिल दूर धरून वाचलं. "सहाला सुरू होऊन साडेसातला खलास. नाइट कामून म्हणायचं?"

"आता सगळीकडे असंच म्हणतात, मामा."

हॉल म्हणजे आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडचं मराठी वाचनालय. दुसरीकडं कुठं जाणं शक्य नव्हतं, कारण मशीन हलवायचं नव्हतं. एकदा ते नुसतं झाडण्यासाठी दोन फूट सरकवलं होतं तर पंधरा दिवस सगळे गायक सर्दी झाल्यासारखे ऐकू येत होते. म्हणून भिंतीला भोक पाडलं, त्यातून मायक्रोफोनच्या वायरी ओढल्या. मी इकडे मशीनपाशी एकटा, हेडफोन लावून. बाई, गौसभाई आणि लोक तिकडे. मला तिकडचं काही दिसणार नव्हतं.

वेळ ठरवायला दाजी दोन दिवस वेळापत्रकासमोर बसले होते. सहा दहाची गाडी गेली की पुढची सात पस्तीसला. म्हणजे सव्वासहाला सुरू करायचं, साडेसातच्या आत संपवायचं. मधे एकही गाडी नाही. बाईंचं गाणं सलग होणार.

त्या संध्याकाळी टेप चढवताना माझ्या हातून ती दोनदा सुटली. हॉल भरला. विद्यानगरची मंडळी आली, बेगम बाजारातले दाजींचे व्यापारी मित्र आले, बिनपट्ट्याचा जमादारसुद्धा येऊन मागच्या रांगेत बसला. बाईंच्या गळ्याचं आम्हा चौघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. सहा दहाची गाडी गेली. दाजींनी भिंतीवर टकटक केलं. मी मशीन सुरू केलं.

आणि वाचनालयाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले.

दोन मिनिटं म्हणून उभे राहिले ते अकरा मिनिटं बोलले. ती अकरा मिनिटं अजूनही माझ्याकडे टेपवर आहेत. त्यात पाठीमागून एक बारीक आवाज ऐकू येतो, "बस करा आता, बस करा." ते दाजी आहेत.

मग बाई गायल्या. काय सांगू? मी आठ वर्षं त्यांचे तुकडे जोडत होतो आणि मला वाटत होतं की मला त्यांचं गाणं माहीत आहे. सलग आल्यावर ते कुठल्या कुठं गेलं. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना त्या जरा गुणगुणायच्या, ते मी कधी ऐकलंच नव्हतं. कारण तेवढ्यात मी बटन दाबलेलं असायचं.

सव्वासात झाले. एक गाणं राहिलं. बाईंनी मुद्दाम शेवटी ठेवलेलं, त्यांचं सगळ्यात जुनं. 'सांजवेळी अंगणात कोण पावले टाकते.' पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं. मी घड्याळाकडे बघितलं. सात बावीस. आता काही होत नाही, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

आणि तावदानं थरथरायला लागली.

साडेपाचची गाडी! त्या दिवशी साडेपाचची गाडी आलेलीच नव्हती. लाल खुणेची गाडी, दोन तास उशिरा निघालेली. आम्ही भिण्याच्या गडबडीत ती मोजायलाच विसरलो होतो.

ती येऊ दे, गाण्यात गाडी येऊ दे, काय बिघडतं, लाइव्हच तर आहे. हे सगळं मला आज सुचतं. तेव्हा काही सुचायच्या आधी माझं बोट गेलं होतं. आठ वर्षांची सवय. मी पॉझचं बटन दाबलं होतं.

गाडी धडधडत होती आणि टेप थांबली होती. हेडफोनमध्ये नुसता गडगडाट. पलीकडे बाई शेवटचं गाणं गात होत्या आणि मी ते घेत नव्हतो. बोट बटनावर होतं, ते उचलायचं एवढंच काम होतं आणि ते उचलत नव्हतं. मी हेडफोन काढून फेकला. आवाज थोडा विरळ झाला तेव्हा कसंबसं बटन सोडलं. टेप फिरायला लागली. मला तिच्याकडे बघवेना.

टाळ्या पडल्या. खूप वेळ पडत राहिल्या. दाजी धावत आले आणि त्यांनी मला मिठीच मारली. "श्री, झालं रे! सगळं झालं!"

मी टेप उतरवून त्यांच्या हातात दिली.

* * *

पुढचे चार दिवस मला कसे गेले ते विचारू नका. टेप एकदा ऐकून खात्री करून घ्यावी, तर ती हिंमत नव्हती. आणि हिंमत असती तरी टेप नव्हती. दाजींनी ती त्याच संध्याकाळी कुंदावहिनींच्या रेशमी साडीत गुंडाळून लाकडी पेटीत ठेवली होती. पेटीला खिळेसुद्धा पितळेचे.

रोज सकाळी ठरवायचो, आज दाजींना सांगायचं. रोज संध्याकाळी ठरवायचो, उद्या सांगू. बायकोनं विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "पोट." चार दिवस तिनं मला मऊ भात घातला.

पाचव्या दिवशी बाईंना दवाखान्यात भरती व्हायचं होतं. आदल्या दुपारी त्या खोलीवर आल्या आणि म्हणाल्या, "ऐकव."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा बाई 'ऐकव' म्हणाल्या होत्या.

"आज जिन्यात जाणार नाही," बाई म्हणाल्या. "उद्याचं काय माहीत. एकदा ऐकून ठेवते."

दाजींनी साडीतून टेप काढून माझ्या हातात दिली. मी ती चढवली. आता सांगायलाच हवं होतं. गाणं त्या जागी तुटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. मी वळलो. "बाई, एक सांगायचंय. त्या दिवशी शेवटच्या गाण्यात मी..."

गाडी आली.

बाईंचा हात वर. दाजींचा हात वर. गौसभाईंचा हात वर. मी उघड्या तोंडानं उभा. गाडी सावकाश गेली, जणू माझ्यासाठीच. तावदानं थांबली. बाईंनी हात खाली घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हं, घे."

मी टेप सुरू केली. माझी तेवढीच हिंमत.

बाई मान खाली घालून ऐकत होत्या. अध्यक्ष, पहिलं गाणं, दुसरं. एकदा त्या स्वतःशीच म्हणाल्या, "बरी गाते की." शेवटचं गाणं आलं. पहिलं कडवं. दुसरं. मी डोळे मिटून घेतले. 'सांजवेळी अंगणात कोण पा...' इथंच. इथंच माझं बोट गेलं होतं.

टेपवर क्षणभर शांतता आली. मग अगदी हळू, पण स्वच्छ, बाईंचा आवाज: "हं, घे."

आणि '...वले टाकते'.

मी डोळे उघडले. बाई माझ्याकडे बघत होत्या, मी बाईंकडे.

"तुम्ही थांबला होतात?" मी विचारलं.

"गाडी आली होती," बाई म्हणाल्या. "तू?"

"मी बटन दाबलं."

दाजी गोंधळले. "बाई थांबल्या हे तुला ठाऊक नव्हतं? अख्ख्या हॉलनं बघितलं. बाईंचा हात वर, गौसभाईंचे हात वर, माझा वर. त्या जमादाराचासुद्धा वर होता."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात?" दाजी म्हणाले. "गाडी आली की थांबतातच ना."

चार दिवसांचा मऊ भात माझ्या डोळ्यांपुढे आला. गौसभाई हसायला लागले ते थांबेनात. "भीड कू रुलानेवाला गाना था मियाँ, और हम तीनां गाडी कू सलाम करके बैठे!" बाईही हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसल्या. मीही हसलो, चार दिवसांनी.

मग बाई हसता हसता थांबल्या. "म्हणजे सलग तेव्हाही नाही झालं," म्हणाल्या.

दाजींनी तोंड भिंतीकडे केलं.

बाईंनी खुंटीवरची पिशवी घेतली. जिन्यात वळून मला म्हणाल्या, "ते 'हं, घे' कापू नकोस. राहू दे."

* * *

दवाखाना विद्यानगरलाच. ऑपरेशन झालं. तीन दिवस बोलायचं नाही, असं सांगितलं होतं, आणि बाई पाटीवर लिहायच्या. पहिल्या दिवशी लिहिलं, 'चहा.' दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'गौसभाईंना डोळे पुसायला सांगा.' अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं, वळणदार. बाईंचे भाऊ लातूरहून निघाले होते, पण अजून पोचले नव्हते. तोवर त्यांचं म्हणून कोण, तर आम्ही तिघं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आल्या. तरुण बाई, तेलुगू. पट्टी बघितली, नाडी बघितली. आम्ही तिघं भिंतीला टेकून रांगेत उभे. दाजींच्या खिशात वेळापत्रकाची घडी होती, कशाला ते त्यांनाही ठाऊक नसेल. गौसभाईंचे ओठ हलत होते. मी घाबरलो होतो हे मी कबूल करतो. चौकीत पट्टा घेऊन जाताना घाबरलो होतो त्याच्या दसपट.

डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसल्या. "अम्मा, इप्पुडु माट्लाडंडि," म्हणाल्या, आणि मग आमच्याकडे बघून हिंदीत, "अब बोलने दीजिए इनको. जोर नहीं लगाना. बस, कुछ भी बोलिए, अम्मा."

बाईंनी पाटी बाजूला ठेवली. पाण्याचा घोट घेतला. आमच्याकडे एकदा बघितलं. तोंड उघडलं.

आणि खिडकीचं तावदान थरथरलं.

तीच लाईन. काचीगुड्याहून सुटलेली गाडी विद्यानगरवरूनच जाते, हे त्या क्षणी आम्हा चौघांपैकी कुणाच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

बाईंचा हात वर गेला. हाताला सलाईनची नळी होती, ती ताणली गेली. दाजींचा हात वर. गौसभाईंचा हात वर. माझं बोट पलंगाच्या लोखंडी दांड्यावर दाबलेलं.

"क्या हुआ?" डॉक्टर घाबरून उठल्या. "अम्मा? दर्द है?"

मालगाडी होती. एवढी लांब मालगाडी मी आयुष्यात पाहिली नाही. डबे संपेनात. डॉक्टर एकदा बाईंकडे बघायच्या, एकदा आमच्या तीन हातांकडे.

शेवटचा डबा गेला. तावदान थांबलं. पंखा तेवढा फिरत होता.

बाई आणखी दोन श्वास थांबल्या. मग हात खाली घेतला, आणि माझ्याकडे बघितलं.

"हं," बाई म्हणाल्या. "घे."